सलग ९ शर्यती जिंकूनही आयर्टन सेन्ना मागे पडला होता, मग थ्रक्स्टनला काय घडलं?

आयर्टन सेन्ना म्हटलं की आठवतात त्याची फॉर्म्युला वनची ३ विश्वविजेतेपदं आणि १ मे १९९४ रोजी इमोलाच्या ट्रॅकवर झालेला मृत्यू. पण त्याचा खरा कस लागला तो १९८३ साली, ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये.

ही एका सीटच्या गाड्यांची ज्युनिअर स्पर्धा. इथे चमकलं की फॉर्म्युला वनचं दार उघडायचं. साओ पावलोचा हा २३ वर्षांचा पोरगा आला आणि त्याने पहिल्या ९ च्या ९ शर्यती मारल्या. विषय संपला, असंच सगळ्यांना वाटलं.

पण मार्टिन ब्रंडल नावाचा इंग्रज हटला नाही. १० वी शर्यत त्याने जिंकली आणि चक्रं फिरली. दुसरं येऊन गुण पदरात पाडून घेणं सेन्नाच्या स्वभावातच नव्हतं. पुढे घुसायच्या नादात तो धडकत राहिला. ऑल्टन पार्कला तर त्याची गाडी थेट ब्रंडलच्या गाडीवर चढली. शेवटची शर्यत आली तेव्हा ब्रंडल १ गुणाने पुढे!

ऑक्टोबर महिना, थ्रक्स्टनचा ट्रॅक. थंडीत इंजिनाचं ऑइल लवकर तापावं म्हणून सेन्नाने ऑइल रेडिएटरच्या तोंडावर टेप चिकटवली. पण ती वेळेत निघाली नाही तर इंजिनच जायचं. मग या पठ्ठ्याने भर शर्यतीत सीट बेल्ट सोडला आणि हात बाहेर काढून टेप ओढली. जिगर म्हणा नाहीतर वेडेपणा, शर्यत त्याने जिंकली आणि किताबही.

महिन्याभरात त्याने मकाऊची शर्यतही मारली. १९८४ साली दोघेही फॉर्म्युला वनमध्ये उतरले, सेन्ना टोलमनकडून आणि ब्रंडल टायरेलकडून.