शुमानचे बोट आणि काकांचा हात

नार्नूरला आमचे काका एका अडत दुकानात कीर्द-खतावणी लिहीत. पुढे पेन धरले की त्यांची बोटे वळू लागली. पण तोच हात भाकरी मोडी, सुईत दोरा ओवी! हे कामचुकारपणाचे ढोंग आहे, असे लोक म्हणत. मीही तसेच समजत होतो. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानचे चरित्र वाचले आणि मी खजील झालो.

शुमानचा जन्म ८ जून १८१० रोजी झ्विकाऊ येथे झाला. वडील पुस्तकविक्रेते. १८२८ साली तो लाइपझिगला कायदा शिकायला गेला, पण जीव पियानोत गुंतलेला. १८३० मध्ये कायदा सोडून त्याने फ्रीडरिख वीक यांचे शिष्यत्व पत्करले. श्रेष्ठ वादक व्हायचे, हाच ध्यास! पण दोनच वर्षांत उजव्या हाताचे मधले बोट वाजवताना ऐकेनासे झाले. त्याने बोटासाठी यंत्र वापरले, विजेचे उपचार घेतले. नुकत्याच मारलेल्या जनावराच्या आतड्यांत हात ठेवण्याचाही सल्ला वैद्यांनी दिला. गुण आला नाही. वादक होण्याची आशा त्याला सोडावी लागली.

लेखणी मात्र त्याच हातात चालत राहिली. १८३४ मध्ये त्याने संगीताचे नियतकालिक काढले. १८४० साली वीक यांचा विरोध असताना त्यांची कन्या क्लारा हिच्याशी त्याने विवाह केला. त्या एका वर्षात त्याने शंभराहून अधिक गीते रचली. जे त्याला वाजवता येईना, ते थोर पियानोवादक क्लाराने जगाला ऐकवले. पुढे मन ढासळले. १८५४ मध्ये त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यातून तो वाचला, पण २९ जुलै १८५६ रोजी एंडेनिखच्या मनोरुग्णालयात निधन पावला.

त्याच्या बोटाच्या दुखण्याबद्दल मतभेद आहेत. तरी तो डिस्टोनिया असावा, असे आज अनेक तज्ज्ञ मानतात. यात दोष हाताचा नसतो. हालचाल ठरवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत बिघाड होतो, म्हणून सरावातले एखादेच बारीक काम अडते. जोर लावून उपयोग नसतो. पकड बदलणे, तीच हालचाल सावकाश नव्याने शिकणे, बोटुलिनमचे इंजेक्शन, असे उपाय आहेत. पूर्ण बरे होणे मात्र कठीण.

शुमानला दुसरी वाट सापडली. काकांची नोकरी गेली, आणि वर बोलणी खावी लागली. मित्रांनो, परीक्षेत कोणाचा हात अडला तर हसू नका. या सुट्टीत मला काकांची क्षमा मागायची आहे.