लोक पटापट मरत होते, तेव्हा या डॉक्टरने पंपाचा दांडाच काढायला लावला

फ्लूची साथ येतेय का, हे कळायला आता फक्त दवाखान्यातली गर्दी बघत बसावं लागत नाही. अमेरिकेत शहराच्या सांडपाण्याचे नमुने घेतात, लॅबमध्ये पीसीआर चाचणी करतात. त्यात इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे अंश वाढायला लागले की आरोग्य खातं सावध होतं. शौचातून, थुंकीतून, नाक शिंकरलेल्या पाण्यातून हे अंश गटारात जातात. कोण आजारी आहे ते कळत नाही, पण वस्ती आजारी पडतेय एवढं कळतं. आपल्या मुंबईतही पोलिओच्या विषाणूसाठी २००१ पासून सांडपाणी तपासलं जातंय.

वस्तीचा आजार पाण्यात शोधायचा म्हटलं की एक नाव घ्यावंच लागतं. डॉ. जॉन स्नो.

१८१३ साली इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये मजुराच्या घरात त्याचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलच्या एका सर्जनकडे शिकाऊ म्हणून लागला. १८३१-३२ मध्ये कॉलरा आला आणि पोरसवदा स्नोला कोळसा खाणीतल्या कामगारांवर उपचार करायला पाठवलं. खाणीत संडास नव्हते, हात धुवायची सोय नव्हती. कामगार तिथेच बसून जेवायचे. हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढे गडी चालत लंडनला गेला आणि डॉक्टर झाला. दारूला शिवायचा नाही, पाणीही उकळून प्यायचा. नाव झालं ते मात्र भुलीमुळे. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारा डॉक्टर हाच.

त्या काळी मोठमोठे डॉक्टर मानायचे की कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो. स्नोला ते पटेना. त्याचं रोजचं काम वायूंशी होतं. वायू लांब जाताना विरळ होतो, हे त्याला माहीत होतं. मग एक घर सुटतं आणि शेजारचं उजाड होतं, ते कसं? शिवाय आजार सुरू होतो पोटातून. म्हणजे विष पोटात जात असणार. १८४९ मध्ये त्याने हे छापलं. फार कुणी मनावर घेतलं नाही.

मग आला ऑगस्ट १८५४ चा शेवट. लंडनच्या सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास दहा दिवसांत ५०० हून जास्त माणसं गेली. स्नो घरोघर फिरला. मेलेल्यांपैकी बहुतेकजण एकाच पंपाचं पाणी पीत होते. जवळच्या दारूभट्टीतले कामगार मात्र धडधाकट, कारण ते तिथलीच बिअर प्यायचे. गरिबांच्या आश्रयगृहात ५०० च्या वर माणसं, पण मेली फक्त पाच. त्यांची स्वतःची विहीर होती. आणि कित्येक मैल लांब हॅम्पस्टेडला एक विधवा कॉलऱ्याने गेली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती रोज बाटली मागवून घ्यायची!

७ सप्टेंबरला स्नोने स्थानिक समितीपुढे हे मांडलं. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा निघाला.

इथे सिनेमासारखा शेवट होत नाही. साथ तोवर उतरणीला लागलीच होती, कारण लोक घरं सोडून पळाले होते. पण हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या पाद्रीने नंतर शोध घेतला. खरं तर तो स्नोला खोटं पाडायला निघाला होता. त्याला सापडलं की पंपासमोरच्याच घरात एक तान्हं बाळ साथीच्या सुरुवातीला जुलाबाने आजारी होतं. आई त्याच्या लंगोटांचं पाणी तळघराजवळच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतायची. खड्डा खणून पाहिला, तर विटा ढासळलेल्या आणि विहीर तीन फुटांच्या आत. बाळाच्या वडिलांनाही कॉलरा झाला, आणि तोही नेमका दांडा काढला त्याच दिवशी. दांडा राहिला असता तर विहिरीत पुन्हा तेच गेलं असतं.

मला स्वतःला याहून भारी वाटतं ते त्याचं दुसरं काम. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या एकाच गल्लीत पाणी द्यायच्या. एक थेम्समध्ये जिथे गटारं मिसळतात तिथलं, दुसरी वरच्या बाजूचं स्वच्छ. पाणीपट्टी घरमालक भरायचा, म्हणून भाडेकरूंना कंपनीच माहीत नसायची. मग स्नोने पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिलं. भरतीचं पाणी पोचणाऱ्या खालच्या भागातल्या पाण्यात मीठ जास्त, त्यामुळे कंपनी लगेच ओळखू यायची. हिशेब निघाला: घाण पाण्याच्या कंपनीकडे दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीकडे ३७.

तरीही १८५५ च्या सरकारी समितीने त्याचं म्हणणं मान्य केलं नाही. जंतू तो दाखवू शकत नव्हता.

१६ जून १८५८ ला, पक्षाघातानंतर, ४५ व्या वर्षी स्नो गेला. त्याच उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारायला लागली की संसदेने नव्या गटारांसाठी पैसे मंजूर केले. कारण पुन्हा वासच! ‘द लॅन्सेट’ने त्याच्यावर चार ओळी छापल्या, त्यात क्लोरोफॉर्म होतं, कॉलरा नव्हता. ती चूक त्यांनी दुरुस्त केली २०१३ मध्ये.