पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१९ मार्च, १८७६ – ४ जुलै, १९५५) हे भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील डावखुरे फिरकी गोलंदाज होते. क्रिकेटवर उपजीविका करून नामवंत झालेल्या पहिल्या काही भारतीय खेळाडूंमध्ये त्यांची गणना होते. ते चर्मकार समाजातील होते. त्यांचे बंधू शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही क्रिकेटपटू होते.

पूर्वायुष्य

बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला. वडील लष्करात नोकरीस असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले. इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ते क्रिकेट शिकले. प्रथम पारशी क्लबात आणि १८९२ पासून पुण्यातील युरोपियन क्लबात त्यांनी अल्प मासिक वेतनावर मैदानाची निगा राखण्याचे काम केले. तेथे ते जे. जी. ग्रेग या फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकीत. त्यातून त्यांची गोलंदाजी घडली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे दिली जात नसे.

कारकीर्द

युरोपियनांना हरवायचे तर बाळूंशिवाय गत्यंतर नाही, हे ओळखून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळविले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्यासह एकाच चेंडूला हात लावीत. परंतु चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे ते मुंबईस आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांवर मिळविलेल्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. या दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी मिळविले.

कर्णधारपदाचा प्रश्न

संघातील ज्येष्ठ व सर्वांत यशस्वी गोलंदाज असूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळण्यात आल्यावर विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि कर्णधार मैदानाबाहेर गेले असता त्यांनी काही काळ संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्या भावाला नाकारलेला मान अशा रीतीने धाकट्याला मिळाला.

सार्वजनिक जीवन

तरुण बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंविषयी आदर होता. पुढे दोघांच्या राजकीय वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने सहभागी होते. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.