बधिर क्रीडापटू विल्यम हॉय

अमेरिकेतील ओहायो राज्यात हाउकटाउन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे २३ मे १८६२ रोजी विल्यम हॉय यांचा जन्म झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी मेंदूज्वराने त्यांची श्रवणशक्ती हिरावून नेली. कोलंबस येथील बधिरांच्या निवासी शाळेने या बालकाला आधार दिला. खुणांची भाषा, लेखन-वाचन आणि पादत्राणे तयार करण्याची कला त्यांनी तेथेच आत्मसात केली व शेवटच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला.

गावी त्यांनी चर्मकामाचे दुकान थाटले. उन्हाळ्यात खेडूत अनवाणी हिंडत, त्यामुळे धंदा मंदावे. त्या रिकाम्या वेळेत बेसबॉलचा सराव झाला आणि १८८६ मध्ये ओशकोशच्या व्यावसायिक संघाने त्यांना घेतले. चेंडू ‘बॉल’ की ‘स्ट्राइक’, हा पंचाचा निर्णय त्यांना ऐकू येत नसे. ते विचारण्यासाठी मागे वळले, की गोलंदाज तेवढ्यात पुढचा चेंडू टाकून मोकळा होई. यावर त्यांनी सहकाऱ्याकरवी हाताच्या खुणांची योजना केली. आजची पंचांच्या खुणांची प्रथा हॉय यांच्यामुळेच पडली, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु त्यास भक्कम पुरावा नाही. त्यांच्या थोरवीला अशा दंतकथेची गरजही नाही, असे आम्ही मानतो.

१८८८ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळताना त्यांनी ८२ बेस चोरून आपल्या लीगमध्ये अग्रस्थान पटकावले. १९ जून १८८९ रोजी मैदानाच्या मागील टोकावरून अचूक फेक करून एकाच सामन्यात तीन धावपटूंना त्यांनी होम प्लेटवर बाद केले. वॉशिंग्टन, बफेलो, सेंट लुई, पुन्हा वॉशिंग्टन, सिनसिनाटी, लुईव्हिल, शिकागो, पुन्हा सिनसिनाटी अशी त्यांची भ्रमंती १९०२ पर्यंत चालली. त्यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक यशस्वी फटके आहेत.

वृत्तपत्रे त्यांना ‘मुका’ या अर्थाच्या शब्दानेच संबोधीत. तो शब्द हिणवणारा होता. तरी हॉय यांनी तेच नाव धारण करून मैदान गाजवले. नावाने माणसाला हीन ठरवता येते, हा समज त्यांच्या कर्तृत्वाने खोटा पाडला. मात्र कूपर्सटाउनच्या गौरव दालनात त्यांना अद्याप स्थान मिळालेले नाही, याची आम्हांस खंत वाटते.

बधिर शिक्षिका ॲना लाउरी या त्यांच्या सहधर्मचारिणी. निवृत्तीनंतर हॉय यांनी ओहायोत दुग्धव्यवसाय केला. ऑक्टोबर १९६१ मध्ये सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजच्या सामन्याचा आरंभ ९९ वर्षांच्या हॉय यांच्या हस्ते चेंडू टाकून झाला. १५ डिसेंबर १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.

खेड्यातल्या एका बधिर मुलासाठी एका निवासी शाळेने दार उघडले, त्याचे फळ हे असे. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र अवश्य ध्यानी ठेवावे.