तीस दिवसांची मुदत

बँकेच्या लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही. चुकलेली नोंद रद्द करायची तर उलट नोंद करावी लागते, तिच्यावर अधिकाऱ्याची सही लागते आणि मूळ नोंद तशीच वाचता येते. हयातभर हे करत आल्यामुळे असेल, पण जेम्स सुलिव्हन या माणसाचे चरित्र मला स्वस्थ बसू देत नाही.

सुलिव्हनचा जन्म १८६२ सालचा, न्यूयॉर्कमधल्या आयरिश स्थलांतरितांच्या घरातला. मिसरूड फुटायच्या वयात तो एका प्रकाशनगृहात चिकटला. १८९२ मध्ये स्पाल्डिंग या क्रीडासाहित्य विकणाऱ्या कंपनीच्या प्रकाशनसंस्थेचा तो अध्यक्ष झाला. खेळांचे नियम आणि विक्रम छापलेल्या तिच्या दहा सेंटच्या पुस्तिका अमेरिकेतल्या पोरापोरांच्या हाती गेल्या. हौशी खेळाडूंची राष्ट्रीय संघटना १८८८ मध्ये उभी करणाऱ्यांत तो होता. १९०४ चे सेंट लुईस ऑलिम्पिक त्याच्याच देखरेखीखाली झाले. १९०८ ला लंडनमध्ये आणि १९१२ ला स्टॉकहोममध्ये तो अमेरिकेचा प्रतिनिधी होता.

खेळाडूने खेळावर एक पैसाही कमावू नये, हा त्याचा धर्म. त्याचा स्वतःचा चरितार्थ मात्र खेळावरच चालत होता! स्त्रियांनी जाहीर स्पर्धांत उतरणेही त्याला मान्य नव्हते. स्टॉकहोमला स्त्रियांचे पोहणे प्रथमच आले, तेव्हा अमेरिकेची एकही मुलगी तिथे नव्हती.

त्याच स्टॉकहोममध्ये जिम थॉर्प या आदिवासी तरुणाने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकले. जानेवारी १९१३ मध्ये बातमी फुटली, की पूर्वी तो किरकोळ पगारावर बेसबॉल खेळला होता. इतर विद्यार्थी खोट्या नावाने खेळत. हा खऱ्या नावाने खेळला, म्हणून सापडला. हरकतीची मुदत ऑलिम्पिक संपल्यापासून तीस दिवसांची होती आणि आता सहा महिने उलटले होते. तरी जन्मभर नियम छापणाऱ्या सुलिव्हनच्या संघटनेने त्याला व्यावसायिक ठरवले. पदके गेली, नावही खोडले गेले.

सप्टेंबर १९१४ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सुलिव्हन वारला. काही आठवड्यांतच त्याच्या संघटनेने स्त्रियांच्या पोहण्याला मान्यता दिली. १९३० पासून त्याच्या नावाचा पुरस्कार उत्तम हौशी खेळाडूला दिला जाऊ लागला. थॉर्प १९५३ मध्ये गेला. ऑलिम्पिक समितीने १९८२ मध्ये त्याला सहविजेता मानले आणि १९८३ मध्ये त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागायला २०२२ साल उजाडले.

मुदत तीस दिवसांची होती. उलट नोंद व्हायला एकशे नऊ वर्षे लागली.