दोन नियम भांडले तर? नागोजी भट्टांना विचारा!

एकाच नावाच्या दोन मेथड आहेत. कॉल आला तर चालणार कोणती? तुम्ही जामसरहून जव्हारला कॉलेजला येत असा, नाहीतर पुण्यात होस्टेलला राहत असा, प्रोग्रॅमिंग शिकताना हा प्रश्न येतोच. नागोजी भट्ट काळे यांनी याच जातीच्या प्रश्नावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. फरक एवढाच, की समोर कॉम्प्युटर नव्हता, पाणिनीचं व्याकरण होतं.

काळे घराणं मराठी, मुक्काम काशीला. वडील शिवभट्ट, आई सती. काळ सतराव्या शतकाची अखेर आणि अठरावं शतक. गुरू हरी दीक्षित, म्हणजे थेट भट्टोजी दीक्षितांचे नातू. आश्रय शृंगवेरपूरच्या राम राजाचा.

पाणिनीचे नियम जवळपास चार हजार. आता ‘राम’ला ‘भ्यस्’ जोडा. एक नियम म्हणतो, शेवटचा ‘अ’ दीर्घ करा. दुसरा म्हणतो, अनेकवचन आहे, ‘ए’ करा. दोघंही हक्काने उभे! पाणिनीचा तोडगा असा, की नंतर सांगितलेला नियम जिंकतो, म्हणून ‘रामेभ्यः’. पण हा तोडगा सगळीकडे पुरत नाही. त्यापेक्षा नित्य नियम बलवान, म्हणजे दुसरा आधी लागो वा न लागो, जो लागतोच तो. त्याहून अंतरंग, आणि अपवाद सगळ्यांवर भारी. नियमांवरच्या अशा नियमांना परिभाषा म्हणतात. आधीच्या पंडितांनी त्या बऱ्याच जमवल्या होत्या. नागोजींनी ‘परिभाषेन्दुशेखर’मध्ये एकेक महाभाष्यावर घासून पाहिली, न टिकणाऱ्या सरळ फेटाळल्या.

कॉमन लिस्पमध्येही नेमकी मेथड सर्वसाधारण मेथडच्या आधी निवडली जाते, अगदी अपवादासारखी. तिथल्या मेटाऑब्जेक्ट प्रोटोकॉलमुळे तर ही निवड कशी करायची तेही प्रोग्रॅमरला बदलता येतं. नागोजींना हे सुचलं होतं वगैरे म्हणणं बाष्कळपणा ठरेल. पण निवडीचे नियम वेगळे काढून तपासायची सवय तीच.

जयपूरच्या सवाई जयसिंगाने यज्ञाला बोलावलं, तर काशी सोडायची नाही असं व्रत असल्याने ते गेले नाहीत, अशी आख्यायिका आहे. मूलबाळ नव्हतं. ‘शब्देन्दुशेखर’ हा मुलगा आणि ‘मंजूषा’ ही मुलगी, असं त्यांनी मानलं.

शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी ‘परिभाषेन्दुशेखर’वर ‘गदा’ नावाची टीका लिहिली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले जर्मन प्राध्यापक कीलहॉर्न यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. १८७४ पर्यंत ते मुंबईत छापून निघालं, आणि काशीतला हा वाद युरोपात पोचला.