फलंदाजासाठी प्रार्थना



३१ ऑगस्ट १९५० रोजी न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एबेट्स फिल्ड मैदानावर ब्रुकलिन डॉजर्स आणि बॉस्टन ब्रेव्ह्ज यांच्यात बेसबॉलचा सामना झाला. विजेतेपदाचा नव्हे, हंगामातला साधाच सामना. प्रेक्षक जेमतेम चौदा हजार. त्यात डॉजर्सच्या गिल हॉजेसने चार होम रन मारले, तेही चार वेगवेगळ्या गोलंदाजांना. होम रन म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, पण फार दुर्मीळ. पूर्ण हंगामात तीस मारणारा मोठा खेळाडू समजला जातो. विसाव्या शतकात नऊ डावांच्या सामन्यात असा पराक्रम त्याआधी फक्त लू गेरिगने १९३२ साली केला होता. डॉजर्स १९-३ असे जिंकले.

गिलचा जन्म ४ एप्रिल १९२४ चा, इंडियाना राज्यातील प्रिन्स्टनचा. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आपल्या मुलांनी खाणीत उतरू नये, एवढीच त्यांची इच्छा. १९४३ साली डॉजर्सकडून गिल एकच सामना खेळला आणि मरीन सैनिक म्हणून युद्धावर गेला. ओकिनावाच्या लढाईतल्या सेवेबद्दल त्याला ब्राँझ स्टार मिळाला. परतल्यावर त्याने ब्रुकलिनच्याच जोन लोंबार्डी यांच्याशी विवाह केला आणि तिथेच घर केले. शांत स्वभावाचा, श्रद्धाळू कॅथलिक माणूस. शेजाऱ्यांना तो आपल्यातलाच वाटे.

मग १९५२ ची वर्ल्ड सिरीज आली. यँकीज संघाविरुद्ध सात सामने झाले आणि त्यांत गिलला एकवीस संधींत एकही यशस्वी फटका मारता आला नाही. डॉजर्स हरले. पुढच्या हंगामाची सुरुवातही तशीच. दुसऱ्या कोणाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली असती. गिलला मात्र पत्रे येऊ लागली. कोणी जपमाळ पाठवली, कोणी पवित्र मेडल. १९५३ च्या एका रविवारी ब्रुकलिनमधील फादर हर्बर्ट रेडमंड यांनी भाविकांना सांगितले, की आज उकाडा फार आहे, प्रवचन नको. घरी जा, आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा. (उन्हाळ्यात आमच्याकडूनही अशा प्रवचनाची अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे!)

गिल सावरला. हंगामअखेर त्याची सरासरी ०.३०२ होती, होम रन ३१. प्रार्थनेमुळे? सेमिनरीत कार्यकारणभावावर आम्ही तासन्‌तास वाद घातले आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला सहज सोडवत नाही. संघाचे व्यवस्थापक चार्ली ड्रेसन यांनी त्याच्या फलंदाजीचे चित्रीकरण करून पाय कुठे चुकतो ते दाखवले होते, हेही खरे. शिवाय समोरच्या गोलंदाजालाही आई असते आणि तीही गुडघे टेकते. मग देवाने कोणाचे ऐकायचे? मला वाटते, फादरांनी फटके मागितलेच नव्हते. सगळ्या शहरासमोर अपयशी ठरत असलेला एक माणूस त्यांनी भाविकांच्या स्वाधीन केला. चार होम रनच्या दिवशी गिलला कोणाची गरज नव्हती.

४ ऑक्टोबर १९५५ रोजी यँकीजनाच २-० असे हरवून डॉजर्सनी पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. दोन्ही धावा गिलच्या फटक्यांवर आल्या आणि शेवटचा चेंडूही त्याच्याच हातात विसावला. पुढे व्यवस्थापक म्हणून त्याने न्यू यॉर्क मेट्स या सदा हरणाऱ्या संघाला १९६९ साली विजेता केले.

२ एप्रिल १९७२ रोजी फ्लोरिडात सहकाऱ्यांसोबत गोल्फ खेळून परतताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तो ईस्टरचा रविवार होता.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. जोन तेव्हा ९५ वर्षांच्या होत्या आणि अजूनही ब्रुकलिनमध्येच राहत होत्या. जुलै २०२२ मध्ये सन्मानाचा सोहळा झाला. सप्टेंबरात त्याही देवाघरी गेल्या.